नोकरी मिळाली, पण राहायला घर मिळेना! ऑफिसातली 'विविधता' नेमकी कुठे अडते?

जून २०१७. केरळमधली कोची मेट्रो सुरू झाली आणि पहिल्याच दिवसापासून देशभर तिचं कौतुक झालं. कारण फक्त चकाचक स्टेशनं नव्हती. मेट्रोनं 'कुडुंबश्री' या केरळ सरकारच्या महिला बचतगटांच्या योजनेमार्फत २३ ट्रान्सजेंडर व्यक्तींची निवड केली होती. कुणी तिकीट खिडकीवर बसणार होतं, कुणी स्वच्छतेचं काम बघणार होतं. फोटो व्हायरल झाले, बातम्या परदेशातही पोहोचल्या.

पण काही आठवड्यांतच दुसरी बातमी आली. त्यातल्या आठ जणांनी काम सोडलं होतं.

काम जमत नव्हतं म्हणून? नाही. शहरात त्यांना कुणी भाड्यानं घर देत नव्हतं म्हणून. काही जणींना लॉजवर राहावं लागत होतं आणि त्याचं भाडं दिवसाला ४०० ते ६०० रुपये असल्याचं बातम्यांमध्ये आलं. पगार साधारण दहा ते पंधरा हजारांच्या घरात. आता हिशोब करा. रोज ६०० रुपये म्हणजे महिन्याला १८ हजार. म्हणजे पगारापेक्षा राहण्याचाच खर्च जास्त!

'डायव्हर्सिटी' आणि 'इन्क्लूजन' हे शब्द आज प्रत्येक मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवर दिसतात. पण या दोन शब्दांमध्ये काय फरक आहे, ते कोचीच्या या प्रकरणातून सगळ्यात सोपं कळतं.

फरक काय आहे?

विविधता म्हणजे कामावर कोण कोण आहे. ती मोजता येते. किती महिला, किती दिव्यांग, कोणत्या समाजातले, कोणत्या भागातले लोक आहेत, हे आकड्यात सांगता येतं.

समावेशन म्हणजे ती माणसं तिथे टिकू शकतात का, मोकळेपणानं बोलू शकतात का आणि पुढे जाऊ शकतात का. हे ग्रुप फोटोत दिसत नाही. कोचीत पहिली गोष्ट झाली होती, दुसरी अर्ध्यावर राहिली.

अडचण साधारण दोन ठिकाणी येते. एक दारात आणि दुसरी आत गेल्यावर.

दारातच काय अडतं?

'आम्ही जात, धर्म बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो' हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. ते तपासण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न भारतात झाला. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी काय केलं? इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. एकाच जाहिरातीला गेलेल्या अर्जांमध्ये शिक्षण आणि अनुभव सारखाच होता. फरक फक्त नावात. एक नाव वाचून उमेदवार हिंदू उच्चवर्णीय वाटेल असं, दुसरं दलित वाटेल असं, तिसरं मुस्लिम.

पुढच्या फेरीसाठी बोलावणं कुणाला आलं? उच्चवर्णीय नावाला ते येण्याची शक्यता १०० धरली, तर दलित नावासाठी ती सुमारे ६७ आणि मुस्लिम नावासाठी सुमारे ३३ होती.

इथे गुणवत्ता सारखीच होती, हे पुन्हा लक्षात घ्या. म्हणजे 'विविधता आणली तर गुणवत्ता घसरेल' ही भीती बाजूला ठेवून आधी हे विचारायला हवं की आज तरी निवड फक्त गुणवत्तेवर होते का?

कधीकधी तर नाव वाचण्यापर्यंतही गोष्ट जात नाही, अर्जातला रकानाच आडवा येतो. २०२२ मध्ये महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात 'पुरुष' आणि 'स्त्री' असे दोनच पर्याय होते. ट्रान्सजेंडर उमेदवारांनी दाद मागितली. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला, त्याला राज्य सरकारनं मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयानं सरकारला खडसावल्यावर अर्जात तिसरा पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे नियम ठरवण्याचंही सरकारनं मान्य केलं.

एक रकाना वाढवायला कोर्टाची पायरी चढावी लागली!

आत गेल्यावर काय होतं?

साताऱ्याच्या सुरेखा यादव हे नाव तुम्हाला माहीत असेल. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक अशी त्यांची ओळख. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या रेल्वेत आल्या. २०११ च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, मार्च २०२३ मध्ये सोलापूर ते मुंबई वंदे भारत.

पण एक साधी गोष्ट बघा. भारतीय रेल्वेच्या इंजिनात चालकांसाठी शौचालयच नसायचं. जैवशौचालय असलेलं पहिलं विद्युत इंजिन आलं ते २०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना. म्हणजे महिला इंजिनात आल्या आणि त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळानं शौचालय आलं. तेही एका इंजिनात. सगळ्या इंजिनांत ही सोय नाही, ही चालकांच्या संघटनांची तक्रार त्यानंतरही सुरूच राहिली.

आणि हा त्रास फक्त महिलांना होता का? मुळीच नाही. पुरुष चालकही तासन्‌तास तसेच बसत होते. महिला आल्यावर हा प्रश्न जास्त ठळकपणे समोर आला, एवढंच. समावेशनाचा हा फायदा अनेकदा लक्षातच येत नाही. एका गटासाठी केलेली सोय सगळ्यांच्या उपयोगी पडते. व्हीलचेअरसाठी बांधलेल्या उतारावरून गुडघेदुखीचे सिनियरही चढतात आणि पार्सलवाला ढकलगाडीही नेतो.

कायदा काय सांगतो?

भारतात यासाठी कायदे आहेत. तीन महत्त्वाचे बघूया.

• लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३, म्हणजेच 'पॉश'. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरची महिला हवी, निम्म्या सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा.

• दिव्यांग हक्क कायदा, २०१६. दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले. सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, यात खासगी कंपन्याही आल्या.

• मातृत्व लाभ कायद्यातली २०१७ ची दुरुस्ती. पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा.

पण इथे एक मेख आहे. ईएसआयच्या कक्षेबाहेरच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत या रजेचा पगार कंपनीनं स्वतःच्या खिशातून द्यायचा असतो. त्यामुळे 'बाई घेतली तर खर्च वाढेल' असा हिशोब करून लग्नाच्या वयाच्या मुलींना मुलाखतीतच बाजूला काढण्याचा धोका राहतो. म्हणूनच मुलाखतीत 'लग्न कधी करणार?' हा प्रश्न येतो. मुलांना तो सहसा कुणी विचारत नाही.

म्हणजे कायदा किमान पातळी ठरवतो. त्यापुढचं काम ऑफिसातल्या रोजच्या सवयींना करावं लागतं.

मग कंपनी खरंच समावेशक आहे, हे ओळखायचं कसं?

महिला दिनाचा केक आणि जूनमध्ये बदललेला लोगो बाजूला ठेवा. हे पाच प्रश्न विचारा.

१. नव्यानं आलेले लोक दोन वर्षांनी तिथे आहेत का? फक्त किती घेतले ते विचारू नका, किती टिकले तेही विचारा.

२. वरच्या खुर्च्यांवर कोण आहे? स्वागतकक्षात विविधता आणि संचालकांच्या खोलीत एकसारखे चेहरे असतील, तर काम अर्धवट आहे.

३. मुलाखतीत सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारतात का? आधी ठरवलेले प्रश्न आणि गुण असतील, तर 'आपल्यातला वाटला' म्हणून निवड करायला जागा कमी उरते.

४. तक्रार केल्यावर कुणाची बदली होते? तक्रार करणाऱ्याची होत असेल, तर समिती कागदावर आहे.

५. आडनाव, इंग्रजीचा लहेजा, डब्यातलं जेवण यावरचे विनोद कोण थांबवतं? ज्याच्यावर विनोद झाला त्यालाच बोलावं लागत असेल, तर तो बहुतेक वेळा गप्प बसतो. आणि एक दिवस राजीनामा देतो.

यातल्या पाचव्या प्रश्नासाठी एचआरची परवानगी लागत नाही, बजेटही लागत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं 'हे बरोबर नाही' एवढं म्हटलं तरी पुरतं.

कोचीत नोकरीची पत्रं देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ड्युटी संपल्यावर ही माणसं झोपणार कुठे, हा प्रश्न आधी कुणी विचारला नाही. बातम्या आल्यावर मेट्रो प्रशासनाला त्यांच्या राहण्याच्या सोयीकडे लक्ष द्यावं लागलं. तेच पहिल्या दिवशी झालं असतं, तर त्या आठ जणांवर एवढ्या कौतुकानं मिळालेलं काम सोडायची वेळ आली नसती.