प्लेटमागचा चार्जर: यूएसबी पॉइंटबद्दलचे गैरसमज

घराचं वायरिंग नव्याने करताना हल्ली पलंगाच्या उशाशी यूएसबी पॉइंट हवाच असतो. सोय चांगलीच आहे. पण प्लेटमागे अख्खा चार्जर बसवलेला असतो, २३० व्होल्टची एसी घेऊन ५ व्होल्टची डीसी देणारा, हे लक्षात न आल्यामुळे बरेच गैरसमज होतात.

त्यातला सर्वांत धोकादायक समज असा, की यूएसबी म्हणजे ५ व्होल्ट, म्हणून चालू लाइनवर पॉइंट बदलला तरी चालेल. ५ व्होल्ट फक्त पुढच्या पोर्टवर असतात, मागच्या टर्मिनलवर फेज आणि न्यूट्रलच येतात. बोर्डावरचं बटण बंद करणंही पुरेसं नाही. जुन्या घरांत कधी कधी बटण न्यूट्रलवर टाकलेलं सापडतं, म्हणजे बटण बंद आणि फेज मात्र जिवंत. एमसीबी पाडा, टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, त्याने बोर्डात फेज उरली नसल्याची खात्री करा, मग बोर्डाला हात लावा. खरं तर हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. त्याला बॉक्सची खोली आधी बघायला सांगा. हे मॉड्यूल साध्या बटणापेक्षा जाड असतं. उथळ बॉक्समध्ये वायरी कोंबून बसवलं, की स्क्रू सैल राहतात आणि जोड तापतो.

जास्त अँपिअरने फोन जळतो, ही भीती अनाठायी आहे. पॉइंटवर २.१ अँपिअर लिहिलेलं असेल, तर ती त्याची कमाल क्षमता झाली. फोन आपल्याला लागेल तेवढाच करंट ओढतो.

फास्ट चार्जिंगच्या बाबतीत मात्र अनेकांची निराशा होते. ५ व्होल्ट गुणिले २.१ अँपिअर म्हणजे जेमतेम साडेदहा वॅट. दोन पोर्ट असतील तर बहुतेक वेळा हीच क्षमता दोघांत वाटली जाते. पोर्ट टाइप-सी आहे एवढ्यावरून वेग ठरत नाही. पाकिटावर ‘पॉवर डिलिव्हरी’ आणि वॅटचा आकडा बघा. काही फोन कंपन्यांची फास्ट चार्जिंगची पद्धत त्यांच्या स्वतःच्या चार्जरवरच चालते. असा फोन भिंतीवर लावला तर सावकाश चार्ज होतो, त्यात बिघाड काही नसतो.

रिकामा पॉइंट बिल वाढवतो का? ०.१ वॅट खाणारं मॉड्यूल वर्षभर, म्हणजे ८,७६० तास, चालू राहिलं तरी एक युनिटसुद्धा होत नाही. तरीही त्याला वेगळं बटण द्यावं असं माझं ठाम मत आहे. सतत चालू राहिल्याने आतले कपॅसिटर झिजतात, आणि न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलं तर सर्वांत आधी अशीच इलेक्ट्रॉनिक्स जातात.

धातूच्या फोनला चार्जिंगच्या वेळी हात लावला की हलक्या झिणझिण्या येतात, आणि लगेच ‘अर्थिंग गेलंय’ असं निदान होतं. बहुतेक मॉड्यूलना फेज आणि न्यूट्रल एवढीच जोडणी असते. झिणझिण्या येतात त्या आतल्या गोंगाट-रोधक कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या अगदी थोड्या करंटमुळे. स्पष्ट झटका बसला तर मात्र ते मॉड्यूल वापरणं थांबवा. शेजारच्या तीन पिनी सॉकेटला अर्थिंग लागतंच, आणि यूएसबी आला म्हणून ते सॉकेट काढू नका. मॉड्यूल कधीतरी बिघडणारच, तेव्हा साधा चार्जर लावायला जागा हवी.