तिकोनी परागकणांचं कूळ

जांभूळ, पेरू, लवंग आणि नीलगिरी ही सगळी एकाच मिर्टेसी कुळातली मंडळी. फळं-पानं पाहून हे नातं चटकन पटत नाही. परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की पटतं. वरून पाहिलं तर त्रिकोण, प्रत्येक कोपऱ्यावर एक छिद्र आणि तिथून मध्याकडे निघालेल्या बारीक चिरा. कधी या चिरा मधोमध येऊन मिळतात, तर कधी त्यांना आधीच फाटे फुटतात आणि मध्ये चिमुकलं त्रिकोणी बेट उरतं. कणाची रुंदी बहुधा १० ते ३० मायक्रोमीटर.

कूळ ओळखणं सोपं, पुढचं कठीण. महाबळेश्वरच्या मधात असा कण सापडला तर तपासणारा बिनधास्त ‘जांभूळ’ लिहितो, कारण आसपास काय फुलतं हे त्याला ठाऊक असतं. खडकात शेजारपाजार नसतो. हायड्रोफ्लुओरिक आम्लात खडकातली सिलिकेटं विरघळतात, परागाचं चिवट कवच तेवढं उरतं. पण हाती लागतो तो सुटा कण. इझाबेल कुकसन आणि कॅथलीन पाइक यांनी १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अशा कणांसाठी ‘मिर्टेसिडाइटीस’ ही प्रजाती मांडली. ती निव्वळ रूपावर बेतलेली, वंशाचा दावा न करणारी. हा सावधपणा मला फार शहाणपणाचा वाटतो. कारण रूप फसवं असतं: रिठ्याच्या सॅपिंडेसी कुळातही चिरा जुळलेले तिकोनी कण आहेत.

मग वंश लावायचा कसा? अँड्र्यू थॉर्नहिल आणि सहकाऱ्यांनी आधी कुळातल्या आजच्या वनस्पतींचे पराग गटवार तपासले. मग २०१२ मध्ये थॉर्नहिल आणि माइक मॅकफेल यांनी मिर्टेसिडाइटीसच्या जातींचा आढावा घेतला. हे काम किचकट, पण त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. गॅबोनमधला सुमारे ८.६ कोटी वर्षांपूर्वीचा ‘मिर्टेसिडाइटीस लिसामे’ कुळाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत गणला जातो. असे कण घेऊनच डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षाचं घड्याळ लावतात. कण चुकीच्या फांदीवर बसवला, की त्या फांदीचं वयच चुकतं.

क्वचित नशीब साथ देतं. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात, लागुना देल उंको इथल्या ५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत नीलगिरीची पानं, कळ्या, फळं मिळाल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. आज दक्षिण अमेरिकेत नीलगिरी आहे ती माणसाने लावलेली. २०२० मध्ये तिथल्याच एका जीवाश्म फुलाचं वर्णन आलं. पुंकेसर भरपूर, आणि त्यांतच पराग: मिर्टेसिडाइटीस युकॅलिप्टॉइडीस. एरवी नुसत्या रूपावरून ओळखला जाणारा कण इथे थेट फुलातच सापडला. पण म्हणून या नावाचा प्रत्येक सुटा कण नीलगिरीच्या खाती टाकता येणार नाही. कोरिंबिया आणि अँगोफोरा या तिच्या सख्ख्या नातेवाइकांचे पराग तिच्या परागांशी इतके मिळतेजुळते आहेत, की सुट्या कणावरून त्यांना वेगळं काढणं आजही अवघड जातं.