मधल्या नटाला हात लावण्यापूर्वी

स्टिअरिंग जागेवर फिरवताना पुढून 'टक' असा आवाज येतो, वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नाही, तेव्हा संशय स्ट्रट माउंटवर घ्यावा. रबर आणि बेअरिंगचा हा जोड स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला धरतो. मॅकफर्सन रचनेत स्टिअरिंगबरोबर स्ट्रट आणि स्प्रिंगही फिरते, म्हणून बेअरिंग अडकलं की स्प्रिंग पिळली जाते आणि झटक्याने सुटते. दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर अलगद हात ठेवला, तर तो झटका हाताला स्पष्ट कळतो.

हे काम घरी करावं, पण अर्धंच, असं माझं ठाम मत आहे. गाडी जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर ठेवून स्टॅबिलायझर बारची लिंक, ब्रेकच्या नळीची क्लिप, खालचे बोल्ट आणि वरचे कडेचे नट सोडले की अख्खा स्ट्रट बाहेर येतो. मधला नट मात्र सोडायचा नाही. दबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो आणि तो त्याच नटाने रोखलेला असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो, मग भीती कसली, असं कुणी म्हणेल. पण हुकांचं साधन तिरकं बसलं तर स्प्रिंग निसटते, आणि तेव्हा चेहरा तिच्यासमोरच असतो. सुटा स्ट्रट गॅरेजमध्ये नेऊन माउंट आणि बेअरिंग बदलून घ्यावं. मजुरी तरीही बरीच वाचते. दुसऱ्या बाजूचं माउंटही तितकंच चाललेलं असतं, तेही बदलावं. शेवटी अलाइनमेंट तपासून घ्यावी, कारण खालचे बोल्ट जरासे सरकले तरी चाकाचा कोन बदलतो.