बॉनेट उंच करावं लागलं

जुनी महिंद्रा जीप समोरून पाहिली की तिचं बॉनेट जरा जास्तच उंच वाटतं. हेडलाइटच्या वर रुंद कपाळ असावं तशी एक मोकळी पट्टी राहिलेली असते. या रूपाचं कौतुक अमेरिकेतही फारसं कुणी केलं नाही. पण ती पट्टी म्हणजे इंजिन बदलल्याची खूण. १९५३ साली विलीस कंपनीने आपल्या जुन्याच जीपमध्ये ‘हरिकेन’ हे नवं इंजिन बसवलं. सीसी पूर्वीइतकेच, सुमारे २२००. मात्र इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर हेडमध्ये गेल्याने ताकद साठ अश्वशक्तीवरून सत्तरीपार गेली आणि इंजिनही उंच झालं. जुन्या झाकणाखाली ते मावेना, म्हणून झाकण वर उचललं. एखाद्या गल्लीतल्या गॅरेजने काढला असता तोच मार्ग कारखान्याने काढला आणि त्या मॉडेलला सीजे-थ्रीबी हे नाव दिलं. पुढे कित्येक वर्षं महिंद्रांनी हीच जीप भारतात बनवली.

ही गाडी मुंबईची, त्यातही माझगावची. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड महंमद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. युद्धकाळात के. सी. महिंद्रा अमेरिकेत भारताच्या पुरवठा मोहिमेचे प्रमुख होते. तिथे त्यांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली. विलीसच्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनातून ६० अश्वशक्ती काढणारे ते हेच. सुट्या भागांच्या पेट्यांतून आलेल्या विलीस जीप माझगावात जोडल्या जाऊ लागल्या. कारखाना कांदिवलीला गेला तो नंतर. म्हणजे मुंबईतल्या जीपची गोष्ट सुरू होते ती एका इंजिनवाल्याच्या ओळखीपासून.

पेट्रोलचा खर्च झेपेना तेव्हा डिझेल आलं, तेही ट्रॅक्टरच्या वाटेने. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली.  या कंपनीच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनावर आधारलेलं २३५० सीसीचं डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये शिरलं. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून २११२ सीसीच्या डिझेल इंजिनाचा परवाना मिळाला, आणि त्यानंतर महिंद्रांचं २५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आलं. कारखान्याने एवढी अदलाबदल केल्यावर मालक कसे मागे राहतील? पेट्रोल जीप घ्यायची, मोडीत निघालेल्या गाडीचं डिझेल इंजिन आणायचं आणि मिस्त्रीच्या हवाली करायचं, ही रीतच पडली. स्पेअर ऑपेरा हाउसला मिळत, जुने भाग चोरबाजारात, आणि प्लेट कापायला जाड लोखंड दारूखान्यात.

चेनपुलीने जुनं इंजिन उचलून नवं खाली सोडणं हा सगळ्यात सोपा भाग. खरी परीक्षा इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या हौझिंगपाशी. डिझेल इंजिनाचे बोल्ट जीपच्या गिअरबॉक्सशी जुळत नाहीत, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट येते. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकमधल्या छोट्या बेअरिंगमध्ये अगदी मध्यावर बसायला हवं. प्लेट केसभर जरी सरकली तरी गाडी सुरू होते, चालतेही. मग काही महिन्यांत क्लच आणि बेअरिंग आवाज करू लागतात आणि मालक दोष इंजिनाला देतो. लेथवर डायल गेज लावून काम करणारा टर्नर इथे मेकॅनिकपेक्षा मोलाचा, असं माझं मत.

चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पेच आणखी वाढतो. पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्याच पाठीला असल्यामुळे लांब इंजिन घातलं की दोन्ही मागे सरकतात. या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जेमतेम ८० इंच. मागचा प्रॉपेलर शाफ्ट आधीच आखूड. तो अजून आखूड झाला की क्रॉसचा कोन तिरपा होतो आणि गाडी थरथरते. इंजिन पुढे घ्यावं तर पंखा रेडिएटरला भिडतो. खाली ठेवावं तर खड्ड्यात पुढचा अ‍ॅक्सल वर येऊन ऑइलच्या चेंबरवर आदळतो. उरली एकच दिशा, वरची. पुन्हा बॉनेट!

आता ताकदीचा हिशोब. मूळ जीपच्या पहिल्या गिअरचं प्रमाण २.८०, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचं २.४६ आणि क्राउन-पिनियनचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. इंजिनाचा पीळ चाकापर्यंत पोचतो तो असा सदतीसपट होऊन, त्यामुळे इंजिनात वाढवलेली थोडीशी ताकदही अ‍ॅक्सलला फार मोठी वाटते. चिखलात रुतलेल्या जीपच्या अ‍ॅक्सलचा शाफ्ट तुटतो तो याच हिशोबाने. दुसरीकडे, ५.३८ हे प्रमाण चार हजार फेऱ्यांपर्यंत पळणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी ठरवलेलं. संथ ट्रॅक्टर-डिझेलला ते ठेवलं तर पूर्व द्रुतगती मार्गावर इंजिन किंचाळतं आणि मागून रिक्षा पुढे जाते. म्हणून क्राउन-पिनियनही बदलायचं. वजन वाढलं म्हणून पुढचे पाटे आणि ब्रेकही बदलायचे, शिवाय बारा व्होल्टचा दणकट स्टार्टर. डिझेलच्या मॅनिफोल्डला पेट्रोलसारखी ओढ नसते, त्यामुळे व्हॅक्यूमवर चालणारा जुना वायपर पावसात जागचा हलत नाही. ब्रेकला बूस्टर लावायचा तर वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. इंजिनाच्या किमतीत काम होईल असं समजणाऱ्याचं बजेट इथे कोलमडतं.

कायद्याचा अडसर यापेक्षा कठीण. इंजिनाचा नंबर आणि सीसी आरसीवर नोंदलेले असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. ताडदेवच्या आरटीओत जाण्याआधीच हे समजून घेतलेलं बरं. ‘पूर्वी चालायचं’ हे तिथे उत्तर होत नाही. हौशी लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला, ड्रम ब्रेकवर दुप्पट ताकद सोडलेली जीप पाहिल्यावर, तो तितकासा वाटत नाही.

२०१० साली महिंद्रांनी त्याच जुन्या आकाराच्या ‘थार’मध्ये १०५ अश्वशक्तीचं अडीच लिटरचं सीआरडीई इंजिन घातलं. पण नुसतं इंजिन नाही घातलं: गिअरबॉक्स नवा, ट्रान्सफर केस नवा आणि पुढचे पाटे काढून टॉर्शन बार. हेच इंजिन कुणी सीजे-थ्रीबीत बसवायला निघालं की जाणता मिस्त्री आधी विचारतो, गिअरबॉक्स सोबत येतोय का? थारची पुढची बाजू मात्र जीपच्या पाट्यांवर चढत नाही. तिथे एखाद्या मोडीत निघालेल्या ‘मेजर’ जीपचा अ‍ॅक्सल शोधावा लागतो.