लगाम ओढला की घोडा पळतो

फोंतेनब्लो (फ्रान्स) :

इंदूरकरांना शिकार म्हटली की मचाण, हाकारे आणि बंदूक आठवते. इथल्या घोड्यावरच्या शिकारीत स्वाराकडे बंदूक नसतेच. कुत्र्यांचा कळप वासावर हरणाचा माग काढतो, त्याच्या मागे घोडे, आणि घोड्यांच्या मागे सायकली, मोटारी घेऊन आजूबाजूच्या गावांतली हौशी मंडळी. दुपारभर हे चालतं. बऱ्याचदा हरीण हातावर तुरी देऊन निघून जातं. सापडलंच तर शेवट खंजिराने किंवा भाल्याने होतो. हंगाम 15 सप्टेंबर ते 31 मार्च. जर्मनीने 1934 साली, बेल्जियमने 1995 साली आणि इंग्लंडने 2004च्या कायद्याने ही शिकार बंद केली. फ्रान्समध्ये मात्र साडेतीनशेच्या वर पथकं अजून टिकून आहेत.

राजेशाही उलथवून टाकणाऱ्या देशात राजांचा हा खेळ टिकला कसा? व्हर्सायचा राजवाडा मुळात तेराव्या लुईने 1623 साली बांधलेली शिकारीची कोठी होती. सोळाव्या लुईच्या रोजनिशीत 14 जुलै 1789 या तारखेपुढे एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ एवढाच, की आज शिकार झाली नाही. पॅरिसमध्ये त्याच दिवशी बास्तीयचा तुरुंग पडत होता! पुढे तीनच आठवड्यांत, 4 ऑगस्टच्या रात्री, सरदारांचा शिकारीचा मक्ता रद्द झाला. शिकार बंद झाली नाही, ती सरदारांकडून बाकीच्यांकडे आली. त्यामुळे आज पथकात एखादा जहागीरदाराचा वंशज दिसतो तसाच नालबंद, दंतवैद्य आणि बीटाचा शेतकरीही दिसतो. जंगल पुष्कळ ठिकाणी सरकारी, आणि शिकारीचा हक्क वनखात्याकडून भाड्याने घेतलेला.

या सामान्य माणसांना परवडणारा घोडा कोणता, यातच माझ्या पत्राचा विषय दडलेला आहे. अनेक जण शर्यतीतून निवृत्त झालेला दुडक्या घोडा घेतात. फ्रान्समध्ये दुडकीच्या शर्यतींचं वेड मोठं आहे. पॅरिसजवळ व्हाँसेनला जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होणारी 'प्री दामेरिक' ही शर्यत 1920 सालापासूनची. घोडा दोन चाकांची हलकी गाडी ओढत नुसत्या दुडकीने पळतो, चौखूर उधळला तर बाद होतो. हे घोडे दमाचे, गर्दीला न बुजणारे आणि निवृत्तीनंतर स्वस्तात मिळणारे. खोड एकच. शर्यतीत लगाम ताणला की त्या ताणावर भार टाकून आणखी जोरात जायचं, हे त्यांच्या अंगी मुरलेलं असतं. जंगलात घाबरलेला स्वार थांबवण्यासाठी लगाम ओढतो, आणि घोड्याला वाटतं, मालक वेग वाढवायला सांगतोय.

ज्या बाईंकडून मी हे समजून घेतलं त्या जंगलाच्या कडेला तबेला चालवतात आणि पाहुण्या स्वारांना घोडे भाड्याने देतात. हातात वाटीएवढा कॉफीचा कप, अंगावर चिखलाचे शिंतोडे, आणि बोलणं थेट. "पाचशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच करायला निघालात तर कोण जिंकणार?" त्यांनी विचारलं. उत्तराची त्यांना गरज नव्हती.

त्यांनी एक लगाम कुंपणाच्या खांबाला अडकवला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि "ओढा" म्हणाल्या. मी ओढलं. त्या काही क्षण तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बघा, तुम्ही आता त्या खांबावरच रेललात. घोडाही असाच रेलतो. टेकायला काही मिळालंच नाही तर तो रेलणार कशावर?" म्हणजे सतत ताण द्यायचा नाही. घोड्याच्या टापेच्या लयीत क्षणभर धरायचं, लगेच सोडायचं, पुन्हा धरायचं. धरण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं, आणि भ्यालेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. त्याच्या मुठी आवळतात, धड पुढे झुकतं, पोटऱ्या घोड्याच्या कुशीला घट्ट चिकटतात. वरून थांब आणि खालून पळ, असे दोन हुकूम एकाच वेळी सुटतात. इलाज म्हणून टाच खाली, खांदे किंचित मागे आणि मांड खोल. आणि श्वास सोडायचा. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण श्वास रोखलेल्या माणसाचं अंग ताठ होतं आणि घोड्याच्या पाठीला ते पहिल्यांदा कळतं.

तरीही घोडा निघालाच तर? मोकळ्या शेतात त्याला मोठ्या वर्तुळात वळवता येतं, वर्तुळ लहान करत न्यायचं. जंगलातल्या अरुंद वाटेवर ती सोय नाही. तिथे दोन्ही लगाम मानेवर एकमेकांवर घेऊन मुठी मानेला टेकवतात. मग घोडा ओढतो ते स्वाराच्या दंडाला नाही, स्वतःच्याच मानेला. चढ दिसला तर चढावर घालायचा. अगदी हातघाईची वेळ आली तर एक मूठ मानेवर रोवून दुसरा लगाम वर उचलायचा. हा उपाय वापरायची वेळ आली, तर सकाळीच कुठेतरी चुकलं होतं असं समजायचं, असं बाईंचं मत.

जास्त कडक कडियाळं घालून प्रश्न सुटतो का, हेही मी विचारलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. दुखलं की घोडा दुखण्यापासून पळतो, म्हणजे पुढेच. त्या दोन लगामांचं कडियाळं पसंत करतात. रोजचं काम सौम्य लगामावर होतं, हनुवटीखालची साखळी आवळणारा दुसरा गरजेपुरता. त्यांचा खरा भरवसा मात्र वेगळ्याच गोष्टींवर. शिकारीच्या आधी अर्धा तास घोडा शांतपणे दुडक्या चालीने फिरवून त्याची पहिली उसळी जिरवायची. नवख्याने मागे राहायचं, पण पुढच्या घोड्याच्या पुठ्ठ्याला चिकटून नाही. पथकाच्या प्रमुखाला ओलांडायचं नाही. कोणी खाली उतरला तर तो पुन्हा चढेपर्यंत सोबत्याने थांबायचं, कारण कळप पुढे गेला की मागे राहिलेला घोडा वेडापिसा होतो. हे सगळे शिष्टाचार म्हणून सांगितले जातात, पण मुळात ती घोडा ताब्यात ठेवायची युक्ती आहे.

मला स्वतःला पळण्यापेक्षा थांबणं अवघड वाटलं. इथली जुनी राजवनं मुद्दाम शिकारीसाठी आखलेली, एका चौकातून चांदणीसारख्या सरळ वाटा फुटतात. कुत्र्यांचा माग तुटला की स्वार अशा चौकात थांबतात. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. दूर कुठेतरी पितळी शिंग वाजतं. हरीण दिसलं, पाण्यात शिरलं, माग सुटला, प्रत्येक प्रसंगाची धून वेगळी. या शिंगवादनाला युनेस्कोने 2020 साली वारशाच्या यादीत घेतलं. माणसं धून ऐकून अंदाज बांधतात, पण घोड्यांनाही त्या धुनी पाठ असतात. मी पाहिलेला एक तपकिरी घोडा शिंग वाजताच जागच्या जागी नाचायला लागला, तोंडाला फेस. त्याच्या स्वाराने लगाम आवळला नाही. घोडा झाडीत वळवून लहान लहान फेऱ्या मारत राहिला, शेजारणीशी हवापाण्याच्या गप्पा मारत. थोड्या वेळाने फेस तेवढा उरला, नाचणं थांबलं.

हे कसब जंगलात जन्मलेलं नाही. ला गेरिनिएर या अश्वगुरूने 1733 साली छापलेल्या ग्रंथात हात सैल सोडण्याचं तंत्र मांडलं आहे, आणि सोम्यूरच्या अश्वशाळेत ते आजही शिकवतात. 2023च्या सप्टेंबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांतलं पहिलं. त्या संघातल्या चौघांतली आपली इंदूरची सुदिप्ती हजेला फ्रान्समध्येच, पाम्फू इथे, तयार झाली. रिंगणातला तिचा घोडा कुठेही ओढलेला दिसत नाही, ते याच परंपरेचं फळ.

इंदूरच्या होळकरांचा आणि फ्रेंचांचा संबंधही तसा जुना. पहिल्या तुकोजी होळकरांच्या कवायती पलटणी दुद्रनेक नावाच्या फ्रेंचाने उभ्या केल्या, आणि 1793 साली लाखेरीला शिंद्यांच्या द ब्वान्यने त्या मोडल्या. गादी सोडल्यावर तिसरे तुकोजीराव पॅरिसजवळच्या साँ-जर्मां-आँ-लेला एनमोंच्या वाड्यात राहिले. त्या गावाला लागून असलेलं रानही राजांच्या शिकारीचंच. वाड्यात आता आंतरराष्ट्रीय शाळा आहे.

घोड्यावरची ही शिकार किती दिवस चालेल सांगवत नाही. जनमत चाचण्यांत बहुसंख्य फ्रेंच या शिकारीच्या विरोधात असतात. कोंपिएन्यच्या रानात विरोधक कॅमेरे घेऊन पथकांच्या मागे फिरतात; दमलेलं हरीण लोकांच्या अंगणात शिरल्याच्या चित्रफिती एकदा पसरल्या की शिष्टाचारांचं कौतुक कोणी ऐकून घेत नाही. मलाही हरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं पटतं. हरणाऐवजी वासाची पिशवी ओढून कुत्र्यांना पळवलं तरी घोड्यांचा हा सगळा खेळ तसाच राहील. पथकवाल्यांना ते नाटकी वाटतं.

हिवाळ्यात कोणी इंदूरकर इकडे येणार असेल तर 3 नोव्हेंबरच्या आसपास, संत ह्युबेरच्या सणाला यावं. तेव्हा चर्चच्या दारात कुत्र्यांना आशीर्वाद मिळतो आणि शिंगं मनसोक्त ऐकायला मिळतात. सहसा तिकीट नसतं. फक्त शेपटीला लाल फीत बांधलेला घोडा दिसला तर त्याच्या मागे उभं राहू नका, तो लाथ मारतो.