ठेकेदाराला जाब कोणी विचारावयाचा?

मूल घरातून निघाले म्हणजे त्याची शाळा सुरू झाली, असे पालक मानतात. मूल फाटकाच्या आत आले म्हणजे शाळा सुरू झाली, असे पुष्कळ शाळाचालक मानतात. या दोन समजुतींच्या मध्ये जो रस्ता पडतो, त्यावर खासगी ठेकेदाराची बस धावते आणि तिच्या कारभाराला वाली कोणीच उरत नाही. पेण-रोह्यासारख्या गावांत, जेथे आसपासच्या खेड्यांतून मुले शाळेस येतात, तेथे हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नव्हे.

कायदा याबाबत मुका नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत शाळेची बस यमुनेत कोसळून 28 मुले दगावली; त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांवर निर्बंध घातले. महाराष्ट्राने 2011 मध्ये शालेय बसकरिता स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष हवेत, आणि शाळा व ठेकेदार यांच्यात लेखी करार हवा. म्हणजे जाब विचारण्याचा अधिकार शाळेस कोणाकडे मागावयाचा नाही. तो तिच्या हाती दिलेलाच आहे. रायगडचे परिवहन कार्यालयही पेणलाच आहे.

मग अडते कोठे? 'बस ही पालक आणि ठेकेदार यांची आपापसांतील बाब' असे म्हणून हात झटकणे सोयीचे पडते. पालकही गप्प बसतात. कारण तक्रार केली आणि उद्या गाडीच बंद झाली तर मुलाला पाठवावे कसे, हा त्यांचा पेच खरा असतो. एकटा पालक ठेकेदारापुढे दुबळा आहे. सारी शाळा मिळून मात्र त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे.

ठेकेदारावरही अन्याय नको. पैसे महिनोन्महिने थकवावयाचे आणि नव्या टायरांची अपेक्षा धरावयाची, हा न्याय नव्हे. आमच्या मते देयक वेळेवर द्यावे. पण उशीर, दाटी, मदतनिसाची गैरहजेरी यांची रोज नोंद ठेवून ती देयकाशी जोडावी. समितीचे इतिवृत्त फलकावर लावावे. शिवाय शाळांनी एकत्र येऊन पेण व रोहा येथील एस.टी. आगारांकडे शाळेच्या वेळेची गाडी मागावी. अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंतच्या मुलींस पास मोफत आहेच. पर्याय दिसू लागला म्हणजे ठेकेदाराचा सूर बदलतो.

निकालाची टक्केवारी अभिमानाने मिरविणाऱ्या शाळेस, आपली मुले कोणत्या गाडीतून घरी जातात हे आपणांस ठाऊक नाही, असे म्हणणे शोभत नाही. येत्या पालकसभेत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवितो: परिवहन समितीची शेवटची बैठक केव्हा झाली?