पाऊल टेकण्याआधीची तयारी

रायगड चढताना दम लागतो, पण गुडघ्यांचा खरा कस लागतो तो उतरताना. गुडघेदुखीची माणसं गड पाहून झाला की म्हणतात, ‘खाली रोपवेनंच जाऊ.’ 1996पासून ती सोय आहेच. आणि ही काही नुसती भीती नव्हे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांच्या आतच भार मोजणारी यंत्रं बसवली. 2010मध्ये आकडे आले: सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी 2.6 पट भार, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. म्हणजे 60 किलोच्या माणसाच्या एकेका गुडघ्यावर दर पायरीला 200 किलोंहून अधिक!

आता एवढं ओझं पेलणारा सांधा कसा आहे बघा. खुब्यात गोळा खोल वाटीत घट्ट बसलेला असतो. गुडघ्यात मात्र मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळपास सपाट माथ्यावर टेकलेली, पाटावर दोन नारळ ठेवावेत तशी. मग ती घरंगळत कशी नाहीत? मधल्या गाद्या आहेत, चार मुख्य लिगामेंट आहेत आणि भोवतीचे स्नायू आहेत.

पण स्नायूंपुढे वेळेचा पेच आहे. टाच टेकली की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास शरीराचा भार त्या पायावर येऊन पडतो. धक्का जाणवला, मग हुकूम सुटला, मग स्नायू आवळला, असा कारभार चालला असता तर उशीरच झाला असता. म्हणून पाय हवेत असतानाच मांडीचे स्नायू कामाला लागतात. पोलादपूरकडे भाताच्या निसरड्या बांधावरून डोक्यावर भारा घेऊन माणसं बिनघोर चालतात, ती या आगाऊ तयारीच्या जोरावर!

संधिवातात ही घडी विस्कटते. कूर्चा झिजते, बहुतेकांची गुडघ्याच्या आतल्या बाजूची, कारण चालताना भाराचा मोठा वाटा तिकडेच जातो. मांडीचा स्नायू दुबळा होतो. सांधा नेमका किती वाकलाय, ही जाणही बोथट होते. मग माणूस सांगतो, ‘गुडघा मधेच दगा देतो.’ एक्स-रेत झीज दिसते, दगा दिसत नाही. फोटो काढताना माणूस हललेलाच नसतो ना!

म्हणून त्याला चालवून बघायचं. मोठ्या प्रयोगशाळांत पायाला चमकते ठिपके लावतात, भोवती कॅमेरे असतात, जमिनीत भार मोजणाऱ्या पट्ट्या असतात. पण मला थक्क करते ती नुसत्या डोळ्यांनी दिसणारी खूण. माणूस समोरून चालत येताना, भार पडताच गुडघा क्षणभर बाहेरच्या अंगाला झुकतो आणि परत येतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या 2004च्या अभ्यासात अशा गुडघ्यांची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट निघाली. आणि हे टिपायला महाडच्या एखाद्या दवाखान्याचा व्हरांडाही पुरतो. गुडघे उघडे हवेत आणि पाहणाऱ्याची नजर तयार हवी, एवढंच.

शरीर यावर स्वतःच एक उपाय काढतं. मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकदम आवळून ते गुडघा ताठ धरतं. डळमळ कमी होते खरी, पण दोन्हीकडून आवळल्यानं सांध्यावरचा दाब वाढतो, तोही आधीच झिजलेल्या कूर्चेवर. मग तोल सावरण्याचे, झटकन दिशा बदलण्याचे खास व्यायाम दिले तर? पिट्सबर्ग विद्यापीठात हे करून पाहिलं, 2011मध्ये निकाल आला. नेहमीचे व्यायाम करणारे सुधारले, खास व्यायामांची जोड मिळालेलेही सुधारले, आणि दोघांत फारसा फरक निघाला नाही.